दगडासाठी घातलेली रांगोळी

आमचा मळा तेव्हा नाशिकच्या बाहेर होता. आता नाशिकच मळ्यावर चालून आलंय. मेथी, शेपू, कोथिंबीर आणि बांधाला थोडी शेवंती. पहाटे बाजाराचा टेम्पो यायचा, म्हणून संध्याकाळभर जुड्या बांधायच्या आणि जेवलं की आडवं व्हायचं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. आडवं होण्याला त्याहून जास्त लागत नाही.

यांना मात्र आभाळाचा नाद. वाचनालयातून पुस्तकं आणायची आणि मी मेथी निवडत असताना मला ऐकवायची. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये म्हणे दगडांचा पट्टा आहे. लाखो दगड सूर्याभोवती फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यातला एक वेस्टा नावाचा. तो कधी कधी इतका उजळतो की साध्या दुर्बिणीतूनही दिसतो. ती दुर्बीण यांनी जुन्या बाजारातून आणली होती. घरात मिक्सर नव्हता तेव्हाची गोष्ट.

मग दोन हजार सालानंतर यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. उजवा डोळा जवळजवळ गेलाच होता. डाव्याने समोरचं दिसायचं, बाजूचं नाही, आणि अंधारात तर फारच कमी. त्याच उन्हाळ्यात यांनी वाचलं की वेस्टाची प्रतियुती आलीय.

"म्हणजे काय?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"म्हणजे सूर्य एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला आणि मधे आपण. तेव्हा तो जवळ असतो, ठळक दिसतो. सध्या वक्री चाललाय."

वक्री म्हटलं की मला शांतीचा खर्च आठवतो. हे हसले. म्हणाले, "सिन्नरच्या रस्त्याला आपला टेम्पो बैलगाडीच्या पुढे निघतो ना, तेव्हा गाडी मागे चालल्यासारखी वाटते. तसंच. आपली कक्षा आतली, आपण जोरात. तो काही उलटा चालत नाही."

"मग बरंय. त्याला चालू द्या, आपण झोपू."

"अगं, पुन्हा असा यायला वर्ष-दीड वर्ष जाईल. तोवर माझं काय उरेल?"

महिन्याभरात ढग येणार होते, आणि आठवड्यात चंद्र मोठा होऊन बारीक तारे झाकणार होता. जे व्हायचं ते याच चार-सहा दिवसांत. शिवाय भारनियमन चालू होतं. जेवणानंतर दिवे जायचे, सगळी वस्ती शिव्या द्यायची आणि हे एकटेच खुश व्हायचे.

अंगणात खाट टाकून हे आभाळातल्या विंचवाच्या, म्हणजे वृश्चिक राशीच्या, डोक्याकडे दुर्बीण लावून बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मोठे तारे दिसतात. बारीक नाही दिसत. तू बघ."

दिवसभर वाकून कंबर मोडली होती. तरी बघितलं. "पुष्कळ आहेत. सगळे सारखेच."

"तो ताऱ्यासारखाच दिसतो. ओळखायचा म्हणजे आज सगळे ठिपके काढून ठेवायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा काढायचे. तारे जागच्या जागी राहतात. जो सरकला तो वेस्टा."

कागदावर काढायचं तर बॅटरी लावावी लागते, आणि उजेडाने डोळे दिपले की बारीक तारे जातात. पेन्सिल माझ्या बोटांत बसतही नाही. मी उठले, रांगोळीचा डबा आणला आणि सारवलेल्या अंगणात चिमटीने ठिपके टाकले. वर बघायचं, खाली टाकायचा. ठिपक्यांची रांगोळी मी लहानपणापासून घालतेय, अंतर हाताला कळतं. फक्त हे ठिपके रांगेत नव्हते. परातीएवढं झालं. झोपायला उशीर झाला.

सकाळी मी टेम्पो भरून आले तर अंगण ओलं. सुनेने झाडून, सडा टाकून वर कमळ काढलेलं. हे चहाचा कप हातात घेऊन त्या कमळाकडे बघत बसलेले.

"मामा रागावले का?" सुनेने मला विचारलं. "आत्या, शिळी रांगोळी दारात ठेवायची असते का?"

"नाही ठेवायची," मी म्हटलं. ते मीच तिला शिकवलं होतं. तिला काय बोलणार?

हे म्हणाले, "जाऊ दे, एक दिवस गेला."

मला मात्र रात्री ठिपके पुन्हा घालायचे होते. घातले. या वेळी वर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं. सकाळी सून त्याच्या भोवतीने झाडत होती आणि शेजारीण कुंपणावरून विचारत होती, "काय गं, आत कोंबडी बसवली की काय?"

"हो," सून म्हणाली, "मामांची आहे. अंडं देती का बघायचं."

मधला एक दिवस सोडून, दिवे गेल्यावर, मी डालगं उचललं आणि शेजारी दुसरे ठिपके टाकले. तेच, तसेच. एक सोडून. तो तीन बोटं सरकलेला. मी पुन्हा वर बघितलं. मला काही झालं नाही, फक्त मान दुखत होती.

"हा बघा," मी म्हटलं. यांच्या हातात दुर्बीण दिली, कुठे बघायचं ते सांगितलं. हे पुष्कळ वेळ बघत राहिले.

"दिसला," हे हळूच म्हणाले. "दिसला वाटतं."

मी दुर्बिणीच्या रोखाने बघितलं. "तुम्ही लिंबाच्या झाडाकडे बघताय."

दुर्बीण खाली आली. "मग मला नाहीच दिसायचा."

"नाही दिसायचा."

दुसरी एखादी खोटं बोलली असती. पण हे खोटं यांना कळलं असतंच, आणि उद्या परत बसावं लागलं असतं.

तेवढ्यात दिवे आले. वस्तीतून पोरं ओरडली, "आली, आली!" अंगणातला बल्ब लागला आणि आभाळ गेलं. हे खाटेवरून उतरले, गुडघे टेकले आणि डावा डोळा जमिनीला लागेल इतके वाकले. उजेडात, समोरचं आणि जवळचं यांना दिसत होतं. आधी एका रांगोळीवर बोट फिरवलं, मग दुसरीवर, ठिपक्यांना न लागता. पुन्हा पहिलीवर.

"सरकलाय गं."

"मग? मी काय मनाने घातलाय?"

"तसं नाही." हे तसेच वाकलेले. "बघू दे जरा."

मी आत जाऊन पडले. हे कधी उठले, माहीत नाही.

पहाटे टेम्पो उभा होता, मी पाट्या चढवत होते. सून खराटा घेऊन अंगणात आली आणि थांबली.

"मामा, झाडू का नको?"

हे दारात बसले होते. म्हणाले, "झाड. तो काय तिथे थांबलाय थोडाच."