गेमचं कार्ड

परवा इथं पुण्यात लेकाच्या नव्या कॉम्प्युटरचं खोकं फोडलं, आणि थर्माकोलच्या वासासरशी मला हिंगोलीतलं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं ते दुकान आठवलं. नवरा लग्नांची शूटिंग करायचा, त्याचे तुकडे जोडून कॅसेट मी बनवायचे, भाड्याच्या कॉम्प्युटरवर. एका लग्नात नवरीच्या बापाचे ओठ आधी हलले, आवाज मागून आला, आणि तो माणूस कॅसेट परत ठेवून गेला. भाड्याचं मशीन असंच अडखळायचं, म्हणून सुटे भाग आणून स्वतःचं मशीन बांधायचं ठरलं. त्यावरच गेमचं दुकान चालवायचं माझ्या दिराच्या, भाऊजींच्या मनात होतं, त्यांना गेम पळवणारं भारी कार्ड पाहिजे होतं. मला दुसरी हार्ड डिस्क, लग्नांचं शूटिंग साठवायला. पैशात बसणार दोन्हीपैकी एकच होतं. मी आणि भाऊजी हिंगोलीला गेलो, तर दुकानदार त्यांना म्हणाला, "वहिनींना काय कळतं ह्यातलं? शिकल्या किती?" मी खाली बघून म्हणाले, "सातवी." भाऊजी म्हणाले, "शिक्षण काहून विचारता? दिवसभर मशीनपुढं त्याच बसतात. कार्ड ठेवा बाजूला, डिस्क टाका." परतीच्या बसमध्ये पुसेगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत होते. माझं चुकलं तर, या धास्तीनं मी डिस्कचं बिल पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. डिस्क बराबर चालली, तिच्यावर आमचं घर उभं राहिलं. भाऊजींचं गेमचं दुकान मात्र कधीच निघालं न्हाई, आणि त्याबद्दल मी त्यांच्याशी अजून एक शब्द बोललेली न्हाई.