उलट्या पिळाचं ड्रिल

आमच्या जुन्या जीपचा पुढचा एक शॉक ॲब्सॉर्बर पार बसला होता. खड्ड्यातून चाक गेलं की गाडी पुढे कितीतरी वेळ डुलत राहायची. नवा शॉक आणला आणि तो घरीच बसवायचा, असं मी आणि माझ्या थोरल्या नणंदेनं ठरवलं. तिचं एमआयडीसीत स्वतःचं लेथचं वर्कशॉप आहे. यंत्रमागांचे शाफ्ट दुरुस्त करण्यात तिची निम्मी हयात गेली. मी शाळेत भूगोल शिकवते. जीपचं वेड मात्र दोघींना सारखंच.

रविवारी सकाळी अंगणात जीप जॅकनं उचलली, लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि चाक काढलं. शॉकचा वरचा बोल्ट निमूट सुटला. खालच्याला मी पाना लावून जोर दिला. तो फिरतोय असं वाटलं, तोच हात एकदम हलका झाला. बोल्टाचं डोकं पान्यात आलं होतं आणि उरलेला तुकडा शॉक धरणाऱ्या ब्रॅकेटच्या आत, अगदी काठाशी सपाट. पकडीनं धरायला तसूभरही जागा नव्हती.

नवरा बाहेर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला की आता मेकॅनिकलाच बोलवावं. नणंद तुटक्या बोल्टावर बोट फिरवत होती.

"मेकॅनिक कशाला? ह्यो निघतोय की," ती म्हणाली. "जरा दम धर."

तिनं गंज सोडवणारं तेल त्यात सोडलं आणि ते मुरेपर्यंत आम्ही पोहे खाल्ले. माझं लक्ष पोह्यांत नव्हतंच. मग तिनं खूण पाडायचा टोकदार पंच अगदी मधोमध धरून हातोडीचा ठोका दिला आणि वर्कशॉपमधून आणलेलं एक ड्रिल मला दाखवलं. त्याचा पीळ उलटा होता. ते बोल्ट सुटण्याच्या दिशेनंच फिरतं. भोक पाडता पाडता पातं अडकलं, तर तुकड्यालाही सोबत फिरवतं, असं तिनं समजावलं.

मी टॉर्च धरला. ड्रिल सुरू झालं, बारीक चकाकता कीस पडायला लागला. मधेच आवाज बदलला, जाड झाला. आणि तुकडा हलला! मी ओरडलेच. तो काठावरून वर येत गेला, फिरत फिरत, आणि शेवटी ड्रिलच्या टोकावर अडकून बाहेर आला. आम्ही दोघी जमिनीवर बसून हसत सुटलो.

पण ब्रॅकेटमधले आटे सोलून त्याच्याबरोबर आले होते. नवा बोल्ट त्यात नुसता सरकत होता. नणंदेकडे त्याचाही इलाज होता. भोक थोडं मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे आणि स्प्रिंगसारखी पोलादी गुंडाळी बसवायची. तिच्या आतून जुन्याच मापाचा बोल्ट जातो.

भोक तिनं मोठं केलं आणि आटे पाडायचा टॅप माझ्या हातात दिला.

"अर्धा फेरा पुढं, जरासा मागं. घाई केलीस तर टॅप आतच मोडंल, आन मग लई अवघड."

पुढे, मागे, पुन्हा तेल. लोखंड कापलं जाताना हाताला कळत होतं, हे मला फार नवलाचं वाटलं. वाकडं गेलं असतं तर सगळं वाया, पण टॅप सरळ आत उतरला. गुंडाळी तिनं बसवली. मग नवा शॉक जागेवर धरून मी नवा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवला आणि तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. शेवटी पान्यानं आवळला, तेव्हा घट्ट, पक्का बसला.

चाक चढवून आम्ही तिघं थेट अक्कलकोट रोडला निघालो. पहिला खड्डा आला. जीप एकदा दबली, उठली आणि स्थिर झाली. मागून नवऱ्यानं पुन्हा एकदा जा म्हणून सांगितलं. मी वळवून त्याच खड्ड्यातून गाडी नेली. मग नणंदेनं मला उतरवलं आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. तिनं तर रस्त्यातला एकही खड्डा चुकवला नाही.