एक बोट फट

कुलथे सर वर्गात शिकवताना मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "आमच्या म्हाताऱ्याची पहिली बायको देवी येऊन गेली रे." दुसऱ्या दिवशी, "आमच्या म्हाताऱ्याला इतक्या वयात नोकरीवरून काढलं, लाज नाही वाटली लोकांना!" मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला नवा होतो आणि शिक्षकांवर छाप पाडायची फार हौस होती. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये जाऊन मी आवाजात दुःख आणून विचारलं, "सर, म्हाताऱ्यांची तब्येत आता कशी आहे?"

"वारले," सर म्हणाले. "तीनशे वर्षं झाली. बस, चहा घे."

हा म्हातारा म्हणजे लंडनच्या मोठ्या चर्चचा घुमट बांधणारा इंग्रज. आधी ताऱ्यांचा अभ्यास करणारा प्राध्यापक, मग शहर जळालं तेव्हा ते पुन्हा उभं करणारा वास्तुकार. सर त्याच्या घुमटावर दहा मिनिटं बोलायचे आणि घरच्यांवर पाऊण तास. दोन लग्नं, दोन्ही बायका लवकर गेल्या. पहिला मुलगा तान्हेपणीच गेला. लाडकी लेक ऐन तारुण्यात गेली, तिला बापाच्याच चर्चमध्ये पुरलं. धाकटा मुलगा मनाने लहानच राहिला. "एवढं गणित डोक्यात घेऊन माणूस घरी यायचा," सर म्हणायचे, "तेव्हा त्या पोराच्या सदऱ्याची बटणं कोण लावत असेल रे? पुस्तकात कुठे लिहीत नाहीत."

आम्ही मागच्या बाकावर जांभया द्यायचो. सरांचा मुकुंद रोज कॉलेज सुटायच्या वेळी फाटकापाशी उभा असायचा. वय तेव्हाच पंचविशीच्या पुढे, समज पाच-सहा वर्षांच्या पोराची. सरांची बायको कधीच गेलेली. सर त्याचा हात धरून रिक्षात बसायचे. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात शिरलं नाही, आणि त्या वर्षी वर्गात पहिला मीच आलो होतो.

माझ्या लक्षात राहिली ती एकच गोष्ट, खांबांची. म्हाताऱ्याच्या एका इमारतीत मधल्या खांबांची गरज नव्हती, पण गावचे शहाणे हटून बसले. मग त्याने खांब घातले, पण वर टेकवले नाहीत, फट ठेवली म्हणे. सर दर वेळी बजावायचे, "खरंखोटं देव जाणे. लोक बोलतात." मी ते बजावणं गाळून गोष्ट तेवढी घेतली.

पुढे मी नगरात ऑफिस थाटलं आणि सोनईच्या मंगल कार्यालयाचं काम मिळालं. मोठा हॉल, मध्ये एकही खांब नाही. समितीचे अध्यक्ष आप्पा नकाशा बघून म्हणाले, "इंजिनेरसाब, खांबाबिगर येवढा स्लॅब? खाली आमची मानसं जेवाया बसत्यात. आमाला न्हाई पटत."

मी मनात हसलो. चार खांब उभे केले, वर नक्षीची टोपी बसवली आणि प्रत्येक टोपीच्या आत खांब आणि स्लॅबमध्ये एक बोट फट ठेवली. रात्रंदिवस स्वतःवर खूश होतो. बायकोला सांगितलं, साडूला सांगितलं, शेवटी सरांना फोन करून सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दाखव मला."

आप्पांच्या नातीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं, कार्यालयातलं पहिलंच. सर आणि मुकुंद एसटीने सकाळी आले. सर सत्तरीच्या पुढचे, पण शिडीवर चढले. हातात आप्पांनी दिलेली लग्नपत्रिका होती. पहिल्या खांबाच्या टोपीआडून त्यांनी ती फटीत सरकवली, गेली. दुसऱ्या खांबावर गेली, पण जरा घासत. तिसऱ्यावर गेलीच नाही.

"सर, रंगाचा थर जास्त झालाय," मी म्हणालो.

"हो का," सर म्हणाले.

"आणि थोडाफार झुकणारच ना स्लॅब. माझा हिशेब चोख आहे. काही होत नाही हो."

सर खाली उतरले. वाद घातला नाही. मुकुंद तेवढ्यात त्या तिसऱ्या खांबाला पाठ टेकून बसला होता, पाय पसरून भेळ खात. सर त्याच्याजवळ गेले, वाकले आणि हळूच म्हणाले, "ऊठ मुकुंदा. बाहेर झाडाखाली बसू, चल." त्यांनी त्याची भेळ उचलली, त्याला हाताला धरून बाहेर नेलं.

त्या हॉलमध्ये मी एकटा उरलो. माझा डिप्लोमा, माझा शिक्का, माझी ती इंग्रजी हुशारी, सगळं एका भेळेच्या पुड्यासमोर उघडं पडलं. मला स्वतःचीच शरम वाटली.

मी आप्पांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं, फटीसकट. वाटलं, आता गाव मला धुणार. आप्पांनी आधी टोपी काढली, डोकं खाजवलं. "म्हंजी खांब नुसते शोभेला हुते?"

"हो."

"आन् आमी म्हनत हुतो त्येच खरं निघालं?"

"हो आप्पा."

"मग येवढं शिकून काय केलं वो तुमी?" ते म्हणाले. लग्न शाळेच्या मैदानावर मांडव घालून लागलं. हॉलला कुलूप पडलं. मी खांब पायापासून नव्याने बांधून स्लॅबला टेकवले, दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासून घेतले. तालुकाभर माझं नाव 'फटवाले साहेब' पडलं, ते टिकून आहे.

सर मागच्या वर्षी गेले. मुकुंद आता त्यांच्या बहिणीकडे असतो. पण त्याआधी, हॉल पुन्हा उघडला तेव्हाच्या पहिल्या लग्नाला, सर आमंत्रण नसताना मुकुंदाला घेऊन आले होते. दोघे पंगतीत बसले. सरांनी जागा निवडली ती हॉलच्या बरोबर मध्ये. मुकुंद घाईघाईने जिलबी तोंडात कोंबत होता. मी दारात उभा राहून बघत होतो. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सावकाश जेव रे मुकुंदा. आपल्याला काही घाई नाही."