डेकखालचे काळे स्क्रू

लाकडी जिना चढताना किंवा कुणाच्या घरचा नवा पोटमाळा बघताना ती घटना मला आजही आठवते, आणि माझा हात नकळत खाली जाऊन सांधा चाचपतो. बायको म्हणते, "निवृत्त झालात ना? मग लोकांच्या घरी पंचनामे करू नका." तिचं बरोबर आहे. पण काही सवयी गणवेशाबरोबर जमा करता येत नाहीत.

उलवे तेव्हा आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत होतं. विमानतळाच्या जोरावर तिथे रोज नवी इमारत उभी राहत होती आणि प्रत्येक इमारतीखाली नवं हॉटेल. त्यातल्याच एका हॉटेलच्या मालकाने पहिल्या मजल्यावर खाडीच्या बाजूला लाकडी डेक काढला होता. लोकांनी तिथे बसून चहा प्यावा आणि फोटो काढावेत, एवढाच त्याचा उद्देश. उद्घाटनाच्या संध्याकाळी पाहुणे फोटोसाठी कठड्याशी गोळा झाले आणि डेकची बाहेरची बाजू खाली गेली. बरेच जण जखमी झाले. एक मुलगी जागेवरच गेली. ती हॉटेलच्या काउंटरवर कामाला होती आणि पाहुण्यांना सरबत द्यायला वर गेली होती.

फिर्याद तिच्या वडिलांनी दिली. ते सुतार. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरण्यात. त्याच डेकवर त्यांनी रोजंदारीने काम केलं होतं आणि मालकाकडे शब्द टाकून मुलीला तिथे नोकरीला लावलं होतं. ठाण्यात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणू लागले, मीही. फिर्यादीत त्यांनी ठेकेदाराचं नाव घेतलं होतं. हलकं लाकूड वापरून त्याने माझी पोर मारली, असं त्यांचं म्हणणं.

ठेकेदाराला आम्ही अटक केली. मालक छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात दाखल झाला. गुन्हा दाखल झाला की पैसेवाल्यांच्या छातीत दुखू लागतं, हे मी नोकरीभर बघत आलो आहे.

पंचनाम्यात लाकूड चांगलं निघालं. मोडलं होतं ते दुसरंच. आडवे वासे मुख्य तुळईला जिथे भेटतात तिथे पत्र्याचे खोबणीसारखे ब्रॅकेट बसवले होते. वाशाचा सगळा भार त्या ब्रॅकेटवर आणि ब्रॅकेटचा भार त्यातल्या बोल्टांवर येतो. इथे बोल्ट नव्हतेच. जिप्समचं छत लावायला वापरतात ते काळे स्क्रू होते. बारीक आणि कडक. वरून वजन आलं की काडकन मोडणारे, आणि खाडीच्या हवेत गंज धरणारे. डोक्यावरच्या पातळ पत्र्याला ते ठीक असतात. माणसं उभी राहणार तिथे ते लावणं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं. तुळईतून निघालेले सगळे स्क्रू आम्ही ब्रॅकेटवार पाकिटात घालून सील केले.

ठेकेदार कोठडीत एकच पाढा म्हणायचा. "साहेब, मी बोल्टच सांगितले होते. माल आलाच नाही, मी काय करू?"

चार दिवसांनी एक टेम्पोवाला ठाण्याच्या गेटवर घुटमळताना हवालदाराला दिसला. तिथल्याच जुन्या गावातला माणूस. आत यायला तयार नव्हता, म्हणून मीच बाहेर गेलो.

"साहेब, माजं नाव नको," तो म्हणाला. "पन बोल्ट आलं नाय, असं पेपरात वाचलं. ते खोटं हाय. बोल्टची गोनी मीच उतरवली. जिन्याखालच्या खोलीत ठेवली हाय. बघा जाऊन."

आम्ही पंच घेऊन गेलो. जिन्याखाली उद्घाटनाच्या खुर्च्या रचल्या होत्या आणि त्यांच्या मागे ती गोणी होती. तोंड शिवलेलं, तसंच. आत जाडजूड बोल्ट, जस्ताचा मुलामा दिलेले, वायसर आणि नट वेगळ्या पिशवीत. मला इतका राग आला की पंचनामा लिहिणाऱ्या जमादाराला मी दोनदा चुकीचा मजकूर सांगितला.

गोणी टेबलावर ठेवल्यावर ठेकेदाराचा पाढा बंद पडला.

"मालकाला मी बोललो होतो," तो म्हणाला. "बोल्ट आलेत, दोन दिवस द्या, बदलून घेतो. तो म्हणाला, कार्डं वाटली, नेते येणार, आता कामासाठी वर कोणी चढायचं नाही. काळे स्क्रू त्यानेच आणवले होते. मी गप्प बसलो, साहेब. त्याचं अजून एक काम मिळणार होतं मला."

"आणि स्क्रू मारले कोणी?"

त्याने मान खाली घातली. मी आवाज चढवला तरी ती वर आली नाही. मला वाटलं, हा भावाला नाहीतर मेहुण्याला वाचवतोय. आरोपी गप्प बसला की तो स्वतःला किंवा स्वतःच्या माणसालाच वाचवत असतो, असं आम्हाला शिकवलेलं नसतं, पण आम्ही ते शिकलेलो असतो.

मिस्त्री रोज सकाळी आमची हजेरी चालू असताना येऊन बाकावर बसायचे. पायाशी हत्यारांची पिशवी, कारण पुढे कामावर जायचं असे. एकच प्रश्न विचारायचे, "साहेब, लागला का तपास?" प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर एका सकाळी मी त्यांना आत बोलावलं. लाकूड दोषी नव्हतं, सांधा दोषी होता, हे त्यांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं. शिवाय ब्रॅकेट कसा बसवतात हे मला सुताराकडून समजून घ्यायचं होतं. हॉटेलच्या कोठारात सापडलेला एक कोरा ब्रॅकेट, बाजारातून आणलेले तसेच काळे स्क्रू आणि लाकडाचा एक तुकडा मी पुढे ठेवला.

"मिस्त्री, हा नीट कसा बसवायला पाहिजे होता, ते दाखवा."

त्यांनी ब्रॅकेट लाकडाला लावला. डाव्या हाताच्या चिमटीत स्क्रू धरला. उजवा हात पिशवीत गेला आणि हातोडी घेऊन बाहेर आला. ठक, ठक, ठक. स्क्रू जवळजवळ डोक्यापर्यंत आत गेला. मग पेचकसाने शेवटचे दोन वेढे.

दुसरा स्क्रू त्यांनी उचलला, हातोडी वर गेली आणि तिथेच थांबली.

ही खोड मी तोवर शंभर कारागिरांत पाहिली असेन. आधी बारीक भोक पाडायचं आणि स्क्रू फिरवत न्यायचा, त्याला वेळ लागतो. हातोडीने ठोकला की वरून दिसायला तसाच दिसतो. पण आत लाकडाचे धागे फाटतात आणि स्क्रूच्या आट्यांना धरायला काही उरत नाही. कपाटाच्या बिजागरीला ते चालून जातं, म्हणून कुणी कुणाला टोकत नाही.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "ह्ये काळं स्क्रू… शेवटच्या दिशी म्याच मारलं. भायेरच्या बाजूचं सगळं."

"ड्रिल मशीन नव्हतं?"

"व्हतं की. पर मालकाच्या मानसांनी नेलं व्हतं, नावाचा बोर्ड लावायला. लाईटचा बोर्ड. ठेकेदार म्हनला, ठोका आता, बोल्ट आलं की बदलू. म्या ठोकलं."

खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी हातोडी टेबलावर ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून. मग त्यांनी विचारलं, "साहेब, पोर जिथं हुबी व्हती, तिथलं स्क्रू मोडलं का उपटून आलं?"

या प्रश्नाचा अर्थ त्या खोलीत दोघांनाही कळत होता. स्क्रू मोडला असेल तर चूक निवडणाऱ्याची. अख्खा उपटून आला असेल तर ठोकणाऱ्याची.

प्रयोगशाळेचा अहवाल माझ्या खणात होता. बरेच स्क्रू मोडले होते. पण ती उभी होती तिथला ब्रॅकेट अख्ख्या स्क्रूंसकट निघाला होता. आट्यांत लाकडाचा भुसा, आणि तुळईतली भोकं खिळ्याच्या भोकांसारखी गुळगुळीत. मी थाप मारू शकलो असतो. पण कोर्टात तो मुद्देमाल उघडला जाणार होता, आणि सुताराला भोक वाचता येतं.

"उपटून आले," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रडले नाहीत. म्हणाले, "मंग माझं नाव लिवा. आरोपीत लिवा."

दुपारी मी कोठडीशी गेलो आणि ठेकेदाराला विचारलं, "मिस्त्रींचं नाव तुला माहीत होतं ना?"

"होतं, साहेब," तो म्हणाला. "त्यांची पोरगी गेली. मी आणि काय बोलू?"

त्या माणसाचा मला राग होता आणि तो गेला नाही. पण त्या दिवसानंतर त्याच्याशी बोलताना मी आवाज चढवला नाही.

मिस्त्रींना आरोपी करायचं की साक्षीदार, यावर सरकारी वकिलांशी माझी बरीच चर्चा झाली. सामान निवडणारा मालक होता. बोल्ट हाताशी असताना लोकांना वर चढवणारा तोच. हे माहीत असून गप्प बसणारा ठेकेदार. रोजंदारीवरच्या माणसाने सांगितलं तसं केलं. मी त्यांना साक्षीदार केलं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. मिस्त्रींना तो कधीच पटला नाही.

खटला उभा राहीपर्यंत मी निवृत्त झालो होतो. तपासी अधिकारी म्हणून माझी साक्ष व्हायची होती, त्यामुळे आत बसता येत नव्हतं. बाहेरच्या बाकावर होतो. दार उघडं होतं. मालकाच्या वकिलाने स्क्रूंचं पाकीट मिस्त्रींच्या हातात दिलं आणि हे कोणी मारले, असं चढ्या आवाजात विचारलं. त्याला वाटलं असणार की साक्षीदार अडखळेल.

"म्या," मिस्त्री म्हणाले. "माझ्या पोरीच्या खालचं ह्येच हायेत. ह्ये म्याच मारलं."

वकील खाली बसला. पुढे मालक आणि ठेकेदार दोघांनाही शिक्षा झाली, आणि अपील चालू आहे. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी फोन करून अभिनंदन केलं.

या तपासाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. नोकरीभर मी गुन्हा एका माणसाच्या हातात शोधत आलो. इथे तो थोडा थोडा सगळ्यांच्या हातात होता, आणि ज्याच्या हातात सर्वांत कमी होता त्यानेच तो सगळा उचलून घेतला. कायद्याने त्यांना मोकळं सोडलं, पण कायद्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

त्या दिवशी मिस्त्रींची साक्ष संपली तेव्हा न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. मग दारातून मला मिस्त्रींचं बोलणं ऐकू आलं.

"दुसरं काय न्हाई, साहेब. त्या दिशी भोक पाडायचं मशीन मोकळं नव्हतं."