बक्षीस साहेबांना, पहारा लटारूचा

लटारू मोहुर्लेला सगळ्याच गोष्टींची धास्ती वाटायची. नागपूरला शिकणाऱ्या मुलीचा, मयुरीचा, फोन आला नाही की त्याला जेवण जायचं नाही. घराच्या कौलांवर माकडं नाचली तरी त्याला काहीतरी अशुभ दिसायचं. असा माणूस खांद्याला बंदूक अडकवून पोंभुर्ण्याच्या बँकेच्या दारात उभा राहतो, याचं गावाला हसू यायचं. बंदूक त्याच्या वडिलांची, रानडुकरांपासून धान राखायला घेतलेली. वडील गेले, परवाना लटारूच्या नावावर झाला आणि त्या परवान्यावरच चंद्रपूरच्या एका एजन्सीनं त्याला चौकीदार म्हणून ठेवून घेतलं. नोकरीत त्यानं एकदाही गोळी झाडली नव्हती. बंदूक साफ करतानासुद्धा तो नळी भिंतीकडे करून बसायचा.

मोहबन नागरी सहकारी बँक म्हणजे गावाला आपली बँक वाटायची. मोठी कचेरी चंद्रपूरला, पण पैसा सगळा असा खेड्यापाड्यांचा. लटारूची बायको गुणाबाई महिला बचत गटाची अध्यक्ष होती. मोहफुलांचे लाडू, लोणची विकून गटानं जमवलेला पैसा कुठे ठेवायचा, असा प्रश्न निघाला तेव्हा बायकांनी लटारूलाच विचारलं होतं. "मी सोता दारात उभा राह्यतो ना," तो म्हणाला होता, "पैसा जाईन कुठी?" बायकांना ते पटलं.

पैसा गेला, पण दारातून गेला नाही. चंद्रपूरच्या कचेरीत बसून साहेबलोकांनी बिल्डरांना, ठेकेदारांना आणि आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना कर्जं वाटली, ती बुडाली, आणि एका सकाळी बँकेच्या दारावर कागद लागला की खातेदाराला महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येईल. ती रक्कम किराण्यालाही पुरत नव्हती. भाजी विकणाऱ्या मनकर्णाबाईचा नवरा रामाजी तेव्हा चंद्रपूरच्या दवाखान्यात होता. ऑपरेशनसाठी पैसे एकदम भरायचे होते. मनकर्णाबाई आणि तिचा मुलगा मिथुन आठवडाभर बँकेत खेटे घालत राहिले. शाखेचा मॅनेजर अश्वजित रामटेके, तिशीतला सज्जन पोरगा, चंद्रपूरला फोन करून करून थकला. "नियम आहे" एवढंच उत्तर यायचं. रामाजी उन्हाळ्यात वारला. मयताला लटारूही गेला होता. मिथुननं त्याच्याकडे बघून तोंड फिरवलं, तेच लटारूला जास्त लागलं.

पुढे सरकारनं बँक वाचवली. जनतेच्या तिजोरीतून पैसा ओतला, दारावर नवीन फलक लागला. महिन्याची मर्यादा मात्र तशीच राहिली. हळूहळू उठवू, असं सांगण्यात आलं. लोक म्हणाले, चला, बुडाली तर नाही. थांबू.

दिवाळीच्या तोंडावर पेपरात बातमी आली. बँकेच्या मोठ्या साहेबांना आणि त्यांच्या हाताखालच्या वरिष्ठांना त्या वर्षीच्या कामगिरीबद्दल लाखोंची बक्षिसं मिळाली होती. बँक संकटातून बाहेर काढली म्हणून.

चहाच्या टपरीवर ती बातमी कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा लटारू तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. त्याचा हात थांबला. बातमी वाचून झाली. मग एक म्हातारा म्हणाला, "बुडवाचेबी पैसे घेतले, आन वाचवाचेबी." सगळ्यांनी लटारूकडे पाहिलं, जणू बक्षीस त्याच्याच खिशात होतं. तो खर्रा तसाच टाकून उठला.

घरी गुणाबाई वाटच बघत होती. तिला गटातल्या बायकांकडून आधीच कळलं होतं.

"बाजाराच्या दिवशी आमी सगळ्या बँकेपुढं बसून राह्यलो," ती म्हणाली. "साहेब आल्याबिगर उठनार नाई."

"तू काऊन बसतं? तुह्या नवऱ्याची नोकरी तिथंच आहे."

"मी नाई बसली त बायका मले काय म्हनतीन? तुमच्याच शब्दावर पैसे ठेवले ना जी त्याइनं?"

गुणाबाईनं भाकर टोपल्यात टाकली आणि चुलीकडेच बघत विचारलं, "तुमी कोनाच्या बाजूनं उभे राह्यसान?"

"मी दारात उभा राह्यतो," तो म्हणाला. "माहं काम तेच आहे."

पण त्याला भीती गुणाबाईची नव्हती, साहेबाचीही नव्हती. मिथुनची होती, आणि त्याहून जास्त स्वतःच्या हाताची. लोक अंगावर आले, कुणी बंदुकीला हात घातला, झटापटीत घोडा दाबला गेला, तर? समोर गुणाबाई बसलेली असणार. मनकर्णाबाई असणार. बाजाराच्या दिवशी सकाळी अंघोळ करून त्यानं देवाला हात जोडले, बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं काढली आणि तांदळाच्या कोठीत खोल खुपसून ठेवली. गुणाबाई अंगण झाडत होती. तिला कळलं नाही. रिकामी बंदूक खांद्याला अडकवून तो निघाला तेव्हा ती त्याला रोजच्याहून जड वाटली.

बायका आधीच येऊन बसल्या होत्या. मधोमध गुणाबाई, तिच्या बाजूला मनकर्णाबाई, भाजीचं टोपलं सोबतच. बाजाराला आलेली माणसं एकेक करून मागे उभी राहत गेली. दुपार होईतो रस्ता बंद झाला. घोषणा फारशा नव्हत्या. त्या असत्या तर लटारूला बरं वाटलं असतं. लोक नुसते बघत होते, दाराकडे आणि त्याच्या बंदुकीकडे.

अश्वजित दोनदा बाहेर येऊन बायकांना पाणी देऊन गेला. "भाऊ, चंद्रपूरहून मोठे साहेब येऊन राह्यले," तो लटारूच्या कानाशी म्हणाला. "म्हणतात, ग्राहकांशी संवाद साधतो."

"नका येऊ म्हना त्याले," लटारू म्हणाला. "मिथुन आला आहे."

मिथुन वडाच्या पाराजवळ उभा होता. बल्लारपूरला तो कंत्राटी कामावर होता, आज सुट्टी टाकून आला होता. हात पाठीमागे होते. त्या हातात काय आहे, ते लटारूला दिसत नव्हतं.

साहेबांची पांढरी गाडी आली. लोकांनी वाट दिली, साहेब आत गेले, आणि वाट मागून मिटली. साहेब खिडकीतून बोलले. मोठ्या, गोड आवाजात. बँक आता सुदृढ आहे, ठेवी सुरक्षित आहेत, मर्यादा टप्प्याटप्प्यानं उठेल. कुणीतरी बक्षिसाचं विचारलं. साहेब म्हणाले, "हे बघा, चांगली माणसं टिकवायची तर बाजारभावानं मोबदला द्यावाच लागतो. आम्ही रात्रंदिवस मेहनत केली म्हणून बँक उभी आहे."

"बाजारभाव?" मनकर्णाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बाजारभाव आमाले नका सांगू साहेब. वांगे सडले त मी कोनाले बक्षीस नाई मांगत."

मागे हशा पिकला, पण तो चांगला हशा नव्हता. त्यातच कुठून तरी दगड आला आणि खिडकीची काच साहेबांच्या डोक्याजवळ फुटली. गर्दी पुढे सरकली. बायका उठून उभ्या राहिल्या, कुणाचं तरी टोपलं लवंडलं, टमाटे पायाखाली गेले. आत घाबरलेले साहेब मागच्या दाराकडे धावले. ते दार कित्येक वर्षांपासून गंजून बंद होतं. मग ते पुढच्याच दारातून बाहेर आले, गाडी गाठायला, आणि समोर मिथुन होता. त्याच्या हातात बैलगाडीची उभारी, गाडीच्या कडेचा लाकडी दांडका, होती. दुसऱ्या हातानं त्यानं साहेबांची कॉलर धरली.

"माहा बाप मेला," मिथुन म्हणाला. "माहा बाप मेला ना बे."

"चौकीदार!" साहेब ओरडले. "बघतोस काय? झाड गोळी! हवेत झाड!"

लटारू मधे शिरला. कसा शिरला ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. त्याची पाठ साहेबांच्या छातीला लागली होती आणि मिथुनची उभारी त्याच्या डोक्यावर उंच होती. धोतर भिजेल की काय अशी त्याला भीती वाटली.

"झाड म्हणतो ना! पगार कशाचा घेतोस?"

"साहेब," लटारू म्हणाला, "बंदूक खाली आहे."

"काय?"

"खाली आहे. काडतूस नाई तिच्यात. घरी ठेवून आलो."

जवळच्यांनी ऐकलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं, आणि गर्दीवरून एक कुजबुज वाऱ्यासारखी मागे गेली. लटारूनं डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, संपलं. आता लोकांना अडवायला काहीच नाही. सकाळपासून ज्या नळीकडे बघून ते थांबले होते, ती आपणच आपल्या तोंडानं पोकळ ठरवली. उभारी खाली येईल ती आधी आपल्या डोक्यावर येईल, मग साहेबांच्या.

उभारी खाली आली नाही. मनकर्णाबाईनं मिथुनचं मनगट धरलं होतं.

"सोड त्याले," ती म्हणाली.

"आई, तू हट."

"सोड म्हनलं ना. त्याले मारलं त तो बिचारा होते. मंग त्याले कोनी काई इचारनार नाई, तुलेच इचारतीन. तुह्या बापाचं नाव बी कोनी घेनार नाई." मिथुनची कॉलरवरची मूठ सुटेपर्यंत तिनं मनगट सोडलं नाही. मग ती साहेबांना म्हणाली, "बसा साहेब. खुर्ची नाई. इथंच बसा पायरीवर. आता बोला."

साहेब बसले. दुसरा इलाजच नव्हता. गाडीभोवती माणसं होती, फुटलेल्या काचांचा चुरा त्यांच्या कोटावर पडला होता, आणि पोलीस यायला वेळ होता. गुणाबाई त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. तिनं मोठमोठे प्रश्न विचारलेच नाहीत. गटातली एकेक बाई पुढे करून ती नाव सांगायला लावायची आणि विचारायची, "ह्या बाईचे पैसे कवा देसान?" साहेबांना प्रत्येकीच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यावं लागलं. बोलता बोलता त्यांचा गोड आवाज सुकत गेला. पाचव्या-सहाव्या बाईला ते म्हणाले, "मला खरंच माहीत नाही." त्या दुपारी ते पहिलं खरं वाक्य बोलले असावेत. शेवटी मनकर्णाबाई पुढे आली. तिनं काही विचारलंच नाही, नवऱ्याचं पूर्ण नाव तेवढं सांगितलं आणि परत जागेवर जाऊन बसली. साहेबांनी मान खाली घातली. लाजेनं की थकव्यानं, ते कुणाला कळलं नाही.

पोलिसांच्या गाडीतून साहेब गेले. गर्दी पांगली, आणि लटारूला तिथेच दारात ओकारी झाली. अश्वजितनं त्याला खांद्याला धरून आत नेलं, पाणी पाजलं. "तुम्ही वाचवलं भाऊ," तो म्हणाला. लटारूनं विचारलं, "कोनाले?"

त्यानंतरचे दिवस लटारूनं कसे काढले ते गुणाबाईलाच ठाऊक. मोटारसायकल घरापुढे थांबली की तो आतल्या खोलीत जायचा. एजन्सीनं कामावरून काढलं, कारण रिकामी बंदूक घेऊन पहाऱ्यावर येणं हा कसूरच होता. ठाण्यात बोलावून त्याचा जबाब घेतला, बंदूक जमा करून घेतली. मिथुनवर गुन्हा नोंदवायचा की नाही, यावर जबाबात लटारू काय सांगतो ते महत्त्वाचं होतं. "उभारी कोणाच्या हातात होती?" हवालदारानं विचारलं. "गर्दी होती जी," लटारू म्हणाला. "मी डोये मिटले होते." डोळे त्यानं मिटले होते हे खरंच होतं, पण ते नंतर.

पोंभुर्ण्यानंतर बल्लारपूरच्या शाखेपुढे लोक बसले, मग कुरखेड्यात. बक्षिसांची चर्चा पार मुंबईपर्यंत गेली. महिन्याभरानं साहेबांनी आणि वरिष्ठांनी बक्षिसाचा काही भाग 'स्वेच्छेनं' परत केल्याचं पेपरात आलं. किती, ते आलं नाही. साहेबांनी राजीनामा दिला. त्यांना शिक्षा वगैरे काही झाली नाही. गटाचे पैसे पुढच्या वर्षी तुकड्या-तुकड्यांनी सुटले, व्याज सोडून. मनकर्णाबाईला पैसे मिळाले त्या दिवशी तिनं ते मोजले नाहीत, पदरात बांधले आणि बाजारात जाऊन बसली.

लटारूला एका राईस मिलच्या फाटकावर काम मिळालं. तिथं हातात काठी असते. त्याला ती बरी वाटते.

मागच्या उन्हाळ्यात मयुरीला आणायला तो बल्लारपूर स्टेशनवर गेला होता. नर्सिंगचं शेवटचं वर्ष संपवून ती नागपूरहून येत होती. गाडीला उशीर होता आणि उशीर म्हटला की लटारूला अपघातच दिसतो. तो फलाटावर येरझारा घालत असताना मागून कुणीतरी विचारलं, "अहो, हैदराबादची गाडी कुठल्या फलाटावर येते?"

तो आवाज त्यानं लगेच ओळखला. साहेब एकटेच होते, हातात चाकाची बॅग, केस जरा पांढरे झालेले. त्यांनी लटारूकडे सरळ पाहिलं, पण ओळखलं नाही. लटारूच्या तोंडाशी रामाजीचं नाव आलं. साहेब थांबले होते.

"पलीकडच्या," लटारू म्हणाला. "पूल चढून जा जी."

"थँक्यू," म्हणून साहेब गेले.

घरी आल्यावर रात्रीच्या जेवणाला मयुरीनं आणलेली मिठाई होती, पण त्यानं तिला हात लावला नाही. शेवटी त्यानं गुणाबाईला सांगितलं. "बोलाची येळ होती, आन मी त्याले रस्ता दाखोला. जी-जी केलं."

"मंग काय करता?" गुणाबाई म्हणाली. "खोटा फलाट सांगता?"

लटारूनं खूप वेळ, अगदी मनापासून विचार केला.

"सांगाले पाह्यजे होता," तो म्हणाला.

मयुरीला आधी हसू फुटलं, मग गुणाबाईला. लटारू हसला नाही. तो अजून विचारच करत होता. पण मिठाईचा एक तुकडा त्यानं उचलला.