जानव्यातली किल्ली

दादा गेल्याचं मला त्याच्या चष्म्यावरून कळलं. ग्वाल्हेरला ऑपरेशन थिएटरबाहेर वहिनी आणि मी बाकावर बसलो होतो. आत जाताना दादानं चष्मा काढू दिला नव्हता. मला सगळं दिसलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. तासाभरानं एक नर्स बाहेर आली, चष्मा माझ्या हातात ठेवून म्हणाली, "ये आप रख लीजिए," आणि माझ्याकडे न बघता परत गेली. मग डॉक्टर आले आणि त्यांनी रीतसर सांगितलं, की हृदयाची भिंत फार पातळ होती, पेसमेकरची तार बसवताना रक्तस्राव झाला, थांबवता आला नाही... वहिनींनी फक्त विचारलं, "त्यांना कळलं का हो काही?" या गोष्टीला आता दोन महिने होतील. डॉक्टरांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. दोष द्यायचाच तर तो माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

दादा माझा सख्खा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तहसिलीत कानूनगो होता, म्हणजे शेतजमिनींच्या नोंदी आणि नकाशे सांभाळणारा. गरौठा, समथर असं फिरून झाशीलाच निवृत्त झाला. त्यानंतरही बांधावरून भांडण झालं की शेतकरी त्याच्या घरी येत. "पंडितजी, तनक बता दो, मेड़ किते हती?" बांध नेमका कुठे होता, एवढंच त्यांना हवं असे. मग दादा डोळे मिटायचा, उजवा हात सदऱ्याच्या गळ्यातून डाव्या खांद्याकडे जायचा आणि बोटं जानवं पिळू लागायची. चार-पाच पीळ बसले की बांध, विहीर, बाभळीचं झाड सगळं त्याला जागच्या जागी दिसायला लागे. त्याचं उत्तर चुकल्याचं मला आठवत नाही. त्याच जानव्याला त्याच्या कपाटाची किल्ली बांधलेली असे. कपाट उघडायचं तर हा गृहस्थ जानवं न काढता कुलपापुढे वाकायचा. लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहून वहिनी इतक्या हसल्या होत्या, की त्यांना सासूबाईंसमोरून उठून जावं लागलं होतं.

मी मात्र कॉलेजात असतानाच जानवं काढून ठेवलं होतं. त्यावरून आमचे आयुष्यभर वाद. दर वर्षी श्रावणीला तो नवं जानवं घालायचा तेव्हा एक माझ्यासाठी ताम्हणात ठेवायचा, आणि मी ते तसंच ठेवून वहिनींच्या हातचा चहा पिऊन परत यायचो. "दोऱ्यानं काय होतं रे, दादा?" असं एकदा चिडून विचारलं तर म्हणाला, "काही होत नाही, छोटे. हाताला चाळा राहतो." त्यानं खरं तेच सांगितलं होतं, मी ते थट्टेवारी नेलं.

दहा वर्षांपूर्वी दादाला पेसमेकर बसवला होता. या हिवाळ्यात त्याची बॅटरी संपत आली. बॅटरी तर बदलायची, त्यात काय, अशाच बेतानं त्या पहिल्या खेपेला आम्ही हॉस्पिटलात गेलो. छेद घेतल्यावर दिसलं की जुन्या तारेचं वेष्टण चिरलं आहे, म्हणून तारही नवी घातली. नवा पेसमेकर जुन्यापेक्षा लहान, त्यामुळे डाव्या खांद्याजवळ कातडीखालच्या जुन्या जागेत तो सैल बसला. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की आत नेण्याआधी नर्सनं दादाचं जानवं कात्रीनं कापलं आणि किल्लीसकट माझ्याकडे दिलं.

घरी आल्यावर चार-पाच दिवसांत तो म्हणाला, "छोटे, मानिक चौकातून जानवं आण." मी म्हटलं, "जखम भरू दे. घाई काय आहे?" आठवड्यानं परत म्हणाला. गरौठ्याहून कुणी आलं होतं आणि त्याला शेताची हद्द सांगता आली नव्हती. "हात रिकामा वाटतो रे, काही आठवत नाही." त्याचा चेहरा पडला होता. मी मानिक चौकातून रोज जात होतो, दुकान समोर दिसत होतं. पण चाळीस वर्षांचा वाद आयताच जिंकायला मिळत होता ना! मी नाही आणलं.

महिन्याभरानं तोच शेतकरी पुन्हा आला. दादानं डोळे मिटले, हात सदऱ्यात गेला, बोटं हलली, आणि त्यानं घडाघडा सगळं सांगितलं. मला केवढा आनंद झाला! मी म्हटलं, "बघ, जानव्यावाचून काही अडलं?" तो ओशाळं हसला. त्यानंतर रोज दुपारी मी समोर बसून त्याची ती बोटं हलताना पाहत होतो. ती काय फिरवताहेत, हे एकदाही विचारलं नाही.

मग दादाला चक्कर येऊ लागली. एका सकाळी तो अंगणात पडला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. रिळावर दोरा गुंडाळावा तशी तार पेसमेकरभोवती गुंडाळली गेली होती आणि तिचं टोक हृदयातून सुटून वर ओढलं गेलं होतं. "बाबूजी, आप इसको घुमाते हैं क्या?" डॉक्टरांनी विचारलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. "आदत है," एवढंच म्हणाला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तार पुन्हा बसवायला ग्वाल्हेरला आत नेण्यापूर्वी त्यानं मला जवळ बोलावलं. "छोटे, तू जानवं आणलं असतंस ना, तरी मी हे फिरवलंच असतं." वीतभर जमिनीसाठीही ज्यानं कधी खोटी हद्द सांगितली नाही, तो हे एवढं एक खोटं माझ्यासाठी बोलला. असं मला वाटतं. खरं काय ते आता कुणाला विचारू?

दादाला मूल नव्हतं, त्यामुळे अग्नी मीच दिला. त्यासाठी जानवं लागणार होतं. मानिक चौकातल्या त्याच दुकानात गेलो आणि दोन घेतली, एक त्याच्यासाठी, एक माझ्यासाठी. तेरावा झाल्यावर माझं काढून ठेवायला हरकत नव्हती. अजून काढलेलं नाही. माझा त्यावर विश्वास बसलेला नाही, आणि ते पिळायला हात धजावत नाही. फक्त दादाच्या कपाटाची किल्ली मी त्याला बांधली आहे.

काल वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांचा चष्मा कपाटात ठेवून द्या." मी चष्मा घेतला आणि जानवं न काढता कुलपापुढे वाकलो. दोरा जरा आखूड पडला, म्हणून आणखी वाकलो. मागे काहीच आवाज येईना तेव्हा वळून पाहिलं. वहिनी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.