मसुराएवढं बटण

सुनेचा कॉम्प्युटर आमच्या घरात आला तो तिच्या माहेरच्या टेम्पोतून, तांदळाच्या दोन पोत्यांच्या मधे, गोधडीत गुंडाळून. माझं मत कुणी विचारलं नाही. पुढच्या खोलीत माझी खाट होती, ती मधल्या खोलीत गेली आणि तिच्या जागी टेबल आलं. तेव्हापासून मी त्या यंत्राचा राग केला. सुनेचा राग करण्यापेक्षा ते सोपं होतं. यंत्राचा राग केला म्हणून आमच्या बोरी गावात मला कुणी नावं ठेवली नसती.

मी चौथी शिकलेले. हे आधीच सांगते, म्हणजे अडाणी म्हातारीनं अडाणीपणानं यंत्र बिघडवलं असं कुणी समजायला नको. मी ते हट्टानं बिघडवलं, आणि पुढचे तीन दिवस मला त्याचा पत्ताही नव्हता.

सून शिनोलीची. लग्नाआधी तिनं मंचरला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. आळेफाट्याकडच्या एका शाळेला कॉम्प्युटर शिकवायला बाई हवी होती. शाळेनं सांगितलं, पाचवी ते सातवीचे वर्षभराचे पाठ तयार करा, टाइप करा आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारी छापून आणा. नारायणगावच्या एका बाईलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. जिचं काम चांगलं, तिला नोकरी. सून महिनाभर टाइप करत होती. फ्लॉपी नावाची एक चपटी वस्तू तिच्याकडे होती, तिच्यात तिनं पाचवीचे पाठ उतरवून ठेवले होते. सहावी आणि सातवी कॉम्प्युटरच्या डब्यातच होती.

मला ती नोकरी नको होती. घरात दोन गाया आणि एक म्हैस. सून सकाळी सातला बाहेर पडली की शेण, धारा, वैरण, भाकरी सगळं माझ्या अंगावर येणार होतं. मालक जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा चाकणला कंपनीत, रविवारी घरी यायचा, खोलीत तिच्या बाजूनं बोलायचा आणि गोठ्यात माझ्या बाजूनं. त्याचा दोघींनाही उपयोग नव्हता.

खंडेनवमीला आमच्यात सगळी अवजारं धुऊन मांडतात. कोयते, खुरपी, विळे, फवारणीचा पंप, मोटारसायकल. ओली हळद कालवायची, प्रत्येकावर पाच बोटं उठवायची, वर कुंकू, वर झेंडूचं फूल. मी वाटी घेऊन पुढच्या खोलीकडे वळले तशी सून आडवी आली.

"आत्या, त्याला पाण्याचं काही लावू नका. मी नंतर कोरडं फूल वाहते."

ज्याच्यावर पोट चालवायचं म्हणता ते पूजेवाचून ठेवायचं, हे आमच्या घरात बसत नाही. पण खरं सांगायचं तर मला पूजेचं एवढं काही पडलं नव्हतं. तिनं "लावू नका" म्हटलं, ते मला लागलं. ती धुणं घेऊन पाटावर गेली आणि मी आत शिरले. टीव्हीसारख्या काचेवर काही लावलं नाही, खालच्या डब्यावर पाच बोटं उठवली. त्या डब्यावर एक मोठं गोल बटण होतं आणि त्याच्याखाली मसुराएवढं, खळीत बसलेलं एक बारीक. ती खळी बघून वाटलं, टिकल्यासाठीच ठेवलेली असावी. बोट दाबून ती हळदीनं गच्च भरली आणि वर कुंकू लावलं.

सून आली, तिनं पाहिलं. ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढलं. कोयत्यावरची हळद वर्षभर राहते, आणि हिनं तासभर राहू दिली नाही.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी तिनं यंत्र चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, मग रंगीत चित्र येऊ लागलं, आणि मधेच टक करून सगळं गेलं. पुन्हा काळा पडदा, पुन्हा पांढरी अक्षरं, पुन्हा टक. नांगराला नवा जुंपलेला खोंड चार पावलं जातो आणि बसकण मारतो, तसं चाललं होतं. तिनं वायर काढून पुन्हा लावली, तरी तेच. संध्याकाळी आपटा वाटायला आलेले सगळे त्या टेबलाभोवतीच उभे राहिले. माझे चुलत दीर म्हणाले की व्होल्टेज नाही, शिवारातल्या मोटारी चालू झाल्या की असं होतं. सून म्हणाली, मग घरातला बल्ब का फडफडत नाही. दिरांनी बल्ब सोडून दिला आणि ते कॉम्प्युटर म्हणजे आजारी माणूस असं काहीतरी सांगत राहिले. दिरांना न विचारता बोलायची सवय आहे.

शुक्रवारी तिनं डब्याची बाजू स्क्रू काढून उघडली. धूळ फुंकली. आतल्या हिरव्या पट्ट्या उपसून त्यांच्या पिवळ्या कडा खोडरबरनं घासल्या, पुन्हा बसवल्या. माउस काढून पाहिला, कीबोर्ड काढून पाहिला. एकेक वस्तू काढायची, चालू करायचं आणि बघत बसायचं. दर वेळी टक. मी दारात बसून शेंगा फोडत होते.

"सोमवार आला की," मी म्हणाले.

"मला म्हाईत हाय."

"न्हाई झालं तर न्हाई झालं. नारायणगावची हायेच."

तिनं हातातला स्क्रू डबीत टाकला. "आत्या, तुमाला लई बरं वाटतंय ना?"

मला बरंच वाटत होतं. मी पुढची शेंग फोडली.

शनिवारी नारायणगावहून दुरुस्तीवाला आला. तिशीचा माणूस, खिशाला दोन पेनं, चप्पल न काढता आत. तिनं काय काय करून पाहिलं ते ती सांगू लागली, तर त्यानं ऐकूनच घेतलं नाही, म्हणाला, वहिनी, तुम्ही उगाच हात लावला. मग त्यानं दोन वेळा चालू केलं आणि निकाल दिला. फॉरमॅट मारावा लागेल. म्हणजे आतलं सगळं पुसायचं आणि सिस्टीम नव्यानं टाकायची. सून म्हणाली की आत माझे पाठ आहेत. तो म्हणाला की ते जाणार. पाठ वाचवायचे असतील तर आतली डिस्क पुण्याला पाठवू, आठ दिवस धरा. नाहीतर उद्या दुपारी तो सीडी घेऊन येईल. आठ दिवस तिच्याकडे नव्हते.

जाता जाता त्यानं विचारलं, "पाणीबिणी सांडलं व्हतं का ह्याच्यावर?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांच्या सुपाकडे पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली.

माझी लाज राखायला ती असं म्हणाली असेल, किंवा स्वतःची. परक्या माणसापुढे घरातलं काढायला नको, एवढंही असेल. काही असलं तरी मला ते सहन झालं नाही. या पोरीनं मला शिवी दिली असती तर मी परत दिली असती. आता हे तिचं उपकाराचं 'न्हाई' मी कुठं ठेवायचं?

रविवारी सकाळी धारा काढून मी सरळ त्या टेबलापाशी गेले. वाकून डबा पाहिला. वरचं बटण मोठं आणि मोकळं होतं. खालचं ते मसुराएवढं आत रुतून बसलं होतं आणि त्याच्या कडेनं पिवळी सुकलेली रेघ होती. तिचं फडकं खळीत पोचलं नव्हतं. फवारणीच्या पंपाचा खटका औषध सुकून असाच अडकतो. तो दाबलेला राहिला की पंप आपोआप गळत राहतो, हे मला त्या दुरुस्तीवाल्याच्या जन्माआधीपासून माहीत आहे.

सून चुलीपाशी होती. मी तिला हाक मारून बोलावलं.

"ते खालचं बटण वर येत न्हाई."

"कुठलं?"

"हे. त्याच्यात हळद हाय. मी भरली व्हती. तू पुसलीस ती वरची."

ती गुडघ्यावर बसली आणि बोटाच्या नखानं बटण चाचपलं.

"आत्या, हे रीसेटचं बटण. हे टेकलं की मशीन पयल्यापासून सुरू व्हतं. अर्धवट चिकटलंय. पंखा फिरून डबा थरथरला की टेकत आसंल."

"मंग तेच चाललंय तीन दिवस."

"व्हय." मग ती म्हणाली, "लई नेम धरून लावलंत."

सुईनं उकरून पाहिलं. थोडी भुकटी निघाली, बटण हललं नाही. मग तिनं डब्याची बाजू पुन्हा उघडली, त्या बटणाच्या मागून गेलेल्या दोन बारीक वायरी बोटानं धरत धरत शेवटाला पोचली आणि तिथलं एवढंसं टोपण उपसून काढलं. बटण दाबलेलं राहिलं तरी आता त्याचं म्हणणं आत पोचणार नव्हतं. वरचं मोठं बटण तिनं दाबलं. पांढरी अक्षरं आली. रंगीत चित्र आलं. आम्ही दोघी टक ऐकायला थांबलो होतो, ते आलं नाही.

ती लगेच राहिलेलं टाइप करायला बसली. आधी अंघोळही केली नाही. चुलीवरची भाकरी करपली, ती मी उलथली, पुढच्या सगळ्या थापल्या, आणि तिनं ताट जागेवर मागितलं तेही दिलं. दुपारी दुरुस्तीवाला सीडी घेऊन आला. चालू यंत्र बघून त्यानं विचारलं, कुणी केलं?

"आत्यांनी," ती मान वर न करता म्हणाली.

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी त्याला चहा विचारला नाही.

सोमवारी ती पहिल्या एसटीनं गेली. फ्लॉपीत उतरवलेले पाठ आळेफाट्याला छापून घेतले आणि शाळेत दिले. नोकरी तिला मिळाली. दिवाळीनंतर सकाळी सातला ती घराबाहेर आणि गोठा माझ्याकडे, जसं मला वाटलं होतं तसंच. कंबर दुखायची तेव्हा मी त्या बटणाला शिव्या द्यायचे. न सांगते तर काय झालं असतं, हे गोठ्यात पुष्कळदा मनात आलं. नोकरी गेली असती आणि माझी कंबर वाचली असती, पण ते उत्तर मला कधी आवडलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी हळदीची वाटी घेऊन अवजारांपाशी बसले आणि पुढच्या खोलीकडे मुद्दाम पाहिलं नाही. सून आतून आली. दारातच उभी राहिली.

"आत्या, कॉम्प्युटर राह्यला."

"तूच वाहा तुझं कोरडं फूल."

"तुमीच लावा. पण त्या खालच्या बटणातच लावा, दुसरीकडं बोट न्हाई लावायचं. त्याची वायर मी अजून जोडलेली न्हाई."

मी उठले आणि लावलं. गच्च भरून.